वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि घरी परतल्यानंतरचे पहिले चाळीस दिवस



स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा बचतीवर किंवा शैक्षणिक कर्जावर काहीतरी लिहावे असे मनात होते. बँकेच्या कारकुनाकडून तीच अपेक्षा असते. परंतु गेल्या वर्षभरात आपल्या जिल्ह्यातील चार जण एकाच विषयासाठी मला भेटून गेले. चौघेही संध्याकाळी, अंधार पडल्यावर आले आणि चौघांनीही आवाज खाली करून विचारले, "साहेब, तुम्ही ते पोटाचे ऑपरेशन केले म्हणे. त्रास होतो का?" जे दबक्या आवाजात विचारावे लागते ते एकदा मोकळेपणाने लिहून ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. माझा अनुभव आणि डॉक्टरांकडून व वाचनातून समजून घेतलेली माहिती येथे मांडतो. उपचाराचा निर्णय मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

या शस्त्रक्रियेला बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया सुरू केली आणि तेथून या शाखेची वाढ झाली. आज ती बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून केली जाते. आपल्याकडे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिल्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळाच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. याला 'स्लीव्ह' म्हणतात. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे 'बायपास'मध्ये, जठराची सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

सौंदर्यासाठी करावयाची ही गोष्ट नव्हे. वजनाने मधुमेह, रक्तदाब, गुडघे आणि झोपेतील श्वास यांची वाट लावलेली असते, तेव्हा हा मार्ग सुचविला जातो. माझे वजन १३१ किलो आणि उंची ५ फूट ६ इंच होती. बी.एम.आय. म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. माझा ४६ होता. आठ वर्षांचा मधुमेह होता. रात्री झोपेत श्वास अडकत असे आणि सौभाग्यवती जागी राहून मला हलवीत असे. २०२३ साली एका मोठ्या शहरात माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली.

याच राज्यातील उदाहरण द्यावयाचे तर श्री. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. दुसरे उदाहरण इजिप्तच्या इमान अहमद यांचे. सुमारे ५०० किलो वजनाच्या या महिलेला फेब्रुवारी २०१७ मध्ये मालवाहू विमानाने मुंबईस आणले आणि मार्चमध्ये सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. वजन पुष्कळ उतरले. मे महिन्यात पुढील उपचारांसाठी त्यांना अबुधाबीला नेले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तेथे त्यांचे निधन झाले. त्यांना इतर अनेक गंभीर आजार होते, त्यामुळे त्यांच्यावरून सर्वांचा निष्कर्ष काढता येत नाही. तथापि एक धडा दोन्ही उदाहरणांतून मिळतो. शस्त्रक्रिया ही उपचाराची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

माझी चूक

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. भाड्याच्या गाडीने हिंगोलीस येताना दर तासाला गाडी थांबवून मी पाच मिनिटे चालत होतो. लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत ठेवून बसल्यास पिंडरीच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून तशी ताकीद मिळाली होती. इथपर्यंत सर्व ठीक झाले.

चूक घरी झाली. वजनासाठी ऑपरेशन केले हे सांगायची मला लाज वाटली. शाखेत, गल्लीत, नातेवाइकांत मी "हर्नियाचे ऑपरेशन" असे सांगून ठेवले होते. लोकांनी काय म्हटले असते? "खाणे आवरत नाही म्हणून पोट कापून घेतले." हे ऐकण्यापेक्षा खोटे बरे वाटले.

नवव्या दिवशी एक वडीलधारे गृहस्थ भेटायला आले. हर्नियाचा रोगी अशक्त झाला असेल म्हणून त्यांनी घरचे डिंकाचे लाडू आणले होते. माझा आहार तेव्हा फक्त पातळ पदार्थांचा होता. खरे सांगितले असते तर त्यांनी डबा झाकून ठेवला असता. मी अर्धा लाडू खाल्ला. पाच मिनिटांत छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखे झाले, तोंडाला पाणी सुटले आणि उलट्या सुरू झाल्या. त्यानंतर साधे पाणीही टिकेना. दोन दिवस मी कोणाला फोन करू दिला नाही, कारण फोन केला की लाडूची कबुली द्यावी लागणार होती. तिसऱ्या दिवशी उठून उभा राहिलो तो डोळ्यांपुढे अंधारी आली. लघवी चहासारखी गडद झाली होती.

सौभाग्यवतीने मग माझे ऐकले नाही. सुट्टीचा कागद घेऊन तिने मला येथील दवाखान्यात नेले आणि सर्व खरे सांगून टाकले. डॉक्टरांनी त्या कागदावरील क्रमांकावर शल्यविशारदांशी बोलून घेतले. साखरेचे सलाईन लावण्यापूर्वी त्यांनी बी-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे इंजेक्शन दिले. कारण नंतर समजले. अशा रोग्याला सतत उलट्या झाल्या की शरीरातील थायमिन लवकर संपते. त्या अवस्थेत आधी ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. ही गोष्ट त्या डॉक्टरांच्या ध्यानी आली, कारण त्यांना रोग्याची खरी हकीकत ठाऊक होती. हर्नियाचा रोगी म्हणून गेलो असतो तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

म्हणून पहिला धडा हा की, ऑपरेशन लपवू नका. सगळ्या गावाला सांगण्याची गरज नाही. पण घरातील माणसे, जवळचे डॉक्टर आणि भेटायला येणारा प्रत्येक जण यांना निदान एवढे तरी कळावे की, या माणसाला काहीही खाऊ घालायचे नाही.

खाण्याचे टप्पे

प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि आपल्या डॉक्टरांचाच पाळावा. साधारण क्रम असा असतो.

१) पहिले एक-दोन दिवस : पाणी, गाळलेले सूप, पातळ ताक यांसारखे पदार्थ, घोट घोट.

२) सुमारे दोन आठवड्यांपर्यंत : दूध, ताक, गाळलेली आंबील, डाळीचे सूप, प्रथिनांची पावडर. सर्व बिनसाखरेचे.

३) तिसरा व चौथा आठवडा : मिक्सरमधून काढलेले मऊ पदार्थ. घट्ट मुगाचे वरण, दही, कुस्करलेले पनीर, अंडे.

४) पाचवा व सहावा आठवडा : मऊ शिजवलेले नेहमीचे पदार्थ. त्यानंतर हळूहळू साधे जेवण.

घाई केल्यास काय होते ते वर सांगितलेच आहे. आतील टाक्याच्या रेषेला भरून येण्यास वेळ लागतो; बाहेरची छिद्रे बुजली म्हणजे आतले काम झाले असे समजू नये. घास लहान असावा, चावून त्याचे पाणी करावे आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबावे. ही खूण प्रत्येकाची निराळी असते. कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक वाहते. मला छातीत किंचित दाब जाणवतो. त्यानंतरचा एक घासही उलटून पडतो. बायपास झालेल्यांनी गोडापासून विशेष जपावे. साखर एकदम आतड्यात उतरून घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होतात.

पाण्याचा व प्रथिनांचा हिशेब

पहिल्या काही आठवड्यांत रोगी पुन्हा दवाखान्यात भरती होण्याचे एक मोठे कारण म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे. पूर्वी तांब्या तोंडाला लावून पाणी पिणारा माणूस आता दोन घोटांवर अडतो. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी कसे जाणार, असा प्रश्न पडतो. मी त्याचा बँकेच्या पद्धतीने हिशेब मांडला. औषधाच्या बाटलीचे ३० मिलिलिटरचे टोपण घेतले. दर पाव तासाला एक टोपण म्हणजे तासाला १२० मिलिलिटर. जागेपणीचे १४ तास धरले तर १,६८० मिलिलिटर होतात. घड्याळ समोर ठेवले आणि वहीत रेघा मारल्या. भूक-तहानेवर विसंबू नये, कारण या दिवसांत दोन्ही खोटे बोलतात. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे.

दुसरा हिशेब प्रथिनांचा. साधारणतः दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्याकडे आजाऱ्याला वरणाचे पाणी देतात. ते घशाला बरे वाटते, पण त्यात प्रथिने फारच थोडी असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. म्हणून सुरुवातीला पावडरीची मदत घ्यावी लागते. पुढे आपल्या जिल्ह्यात मुबलक पिकणारे सोयाबीन, तसेच मूग, अंडी, मासे यांवर भागविता येते. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, पण आहार नीट असेल तर ते बहुधा पुन्हा येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या सहसा कायमच्या घ्याव्या लागतात आणि रक्ततपासणी ठरलेल्या वेळी करावी लागते.

औषधांविषयी सावधगिरी

शस्त्रक्रियेनंतर रक्तातील साखर काही दिवसांतच खाली येऊ लागते. जुन्याच मात्रेत मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच आहे. म्हणून सुट्टी होतानाच प्रत्येक जुन्या गोळीवर बोट ठेवून "ही चालू की बंद?" असे विचारून लिहून घ्यावे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर आणू नयेत. जठराला व्रण होतो. तंबाखू, विडी व दारू वर्ज्य. तरुण भगिनींनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो; त्याविषयी संकोच न करता डॉक्टरांशी बोलावे. जड उचलणे साधारण चार ते सहा आठवडे टाळावे. हळदीच्या हंगामात पोते उचलायला आपण नसलो तर घर बुडत नाही.

या खुणा दिसल्यास रात्र काढू नये

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरतात, त्यामुळे पहिले काही दिवस खांदा दुखतो. चालल्याने तो उतरतो. परंतु पुढील लक्षणे निराळी आहेत.

१) नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ आणि जीव घाबरा होणे. आतील टाक्यातून गळती होत असल्याची ही खूण असू शकते.

२) एकाच पायाची पिंडरी सुजणे व दुखणे, किंवा एकाएकी दम लागणे, छातीत दुखणे.

३) पाणीही न टिकणे, लघवी गडद व कमी होणे, उभे राहताच चक्कर येणे.

४) रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच.

५) बरेच दिवसांच्या उलट्यांनंतर तोल जाणे, दुहेरी दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे.

आपण मोठ्या शहरापासून दूर राहतो. म्हणून निघण्यापूर्वीच सुट्टीचा कागद, शल्यविशारदांचा क्रमांक, जवळचा दवाखाना आणि रात्री मिळू शकणारी गाडी या चार गोष्टी ठरवून ठेवाव्यात.

मनाची पडझड

शरीराविषयी सर्व जण सांगतात, मनाविषयी फारसे कोणी सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मी रोज रडत असे. घरात फोडणीचा वास आला की कावरेबावरे व्हायला होई. "चांगले धडधाकट शरीर कापून घेतले, हे काय करून बसलो?" हा एकच विचार. त्यातच तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा आठ दिवस एकाच आकड्यावर थांबला. पैसे गेले, जेवण गेले आणि वजनही उतरेना, अशी अवस्था झाली.

पुढे समजले की पश्चात्तापाचा हा काळ पुष्कळांच्या वाट्याला येतो आणि काटा मध्येच थांबणे हेही नेहमीचेच आहे. आनंद असो वा दुःख, आपण पाहुण्याबरोबर जेवतो, कंटाळा आला की खातो. तो आधार एका दिवसात काढून घेतल्यावर मन अधांतरी होणारच. मला तीन गोष्टींचा उपयोग झाला. सकाळ-संध्याकाळ चालणे, काटा आठवड्यातून एकदाच पाहणे, आणि माझ्याआधी हीच शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थांशी फोनवर बोलणे. उदासी पंधरा दिवसांहून अधिक टिकली, झोप उडाली किंवा जगणे नको वाटू लागले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. यात कमीपणा नाही.

राजा प्रसेनजिताची गोष्ट

या दिवसांत संयुत्त निकायातील एक कथा पुन्हा वाचली. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी भोजनात मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि आपण जेवायला बसलो की म्हणून दाखवायला सांगितले. त्याबद्दल रोजचे वेतनही ठरविले. राजाचा आहार एकदम नव्हे, हळूहळू नाळीभरावर आला आणि शरीर हलके झाले.

या कथेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. भगवंतांनी राजाची थट्टा केली नाही. आणि राजाने केवळ स्वतःच्या निश्चयावर भिस्त न ठेवता शेजारी आठवण देणारा माणूस बसविला. लठ्ठ माणसाला "तोंड आवर" असे म्हणणारे पुष्कळ असतात. ताटाजवळ शांतपणे बसणारा सुदर्शन क्वचित मिळतो. विद्यार्थ्यांनी वर्गातील जाड मुलाला चिडविताना हे आठवावे.

विमा व खर्च

बँकेतला माणूस म्हणून दोन शब्द. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या शस्त्रक्रियेच्या दाव्यासाठी डॉक्टरांचा सल्ला, वय १८ किंवा अधिक आणि बी.एम.आय. ४० वा त्याहून अधिक, अथवा ३५ वा अधिक व सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेतील श्वासाचा तीव्र विकार अशा अटी आहेत. आपल्या पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधी आधी वाचावा. पावडर, गोळ्या, तपासण्या आणि फेऱ्यांचा खर्च वेगळा धरावा. कर्ज काढून शस्त्रक्रिया करायची आणि गोळ्यांना पैसे नाहीत, असे होऊ नये.

घरच्यांसाठी

शेवटी माझ्या आईविषयी. १९७२ च्या दुष्काळात ती रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती. सुकडी आणि लाल मिलो ज्वारीवर तिने दिवस काढले. आमच्या घरी ताटात घास टाकणे हे पाप होते आणि पोराचे पोट सुटणे ही सुखाची खूण होती. पाचव्या आठवड्यात तिने मऊ खिचडी केली. चार चमचे खाऊन मी वाटी खाली ठेवली. ती वाटीकडे बघत म्हणाली, "दुष्काळात बी तुह्या बापाला याच्याहून जास्त मिळत होतं रं." आणि पदर डोळ्यांना लावला.

तिला काय सांगावे ते मला सुचेना. मग मी वही आणली. साखरेचे आकडे वाचून दाखविले : आधी गोळ्या खाऊन २६०, आता एका गोळीवर १२०. रात्री श्वास अडकत नाही, हे सुनेने सांगितले. आईला आकडे कळले की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्यासाठी एक लहान वाटी वेगळी काढली आणि चौथ्या चमच्यानंतर तीच म्हणू लागली, "बस कर, लेकरा." माझ्या घरचा सुदर्शन तो हाच.

आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असा तथागतांचा उपदेश विनयपिटकात आहे. आपल्या संस्थेने एवढे करावे असे मला वाटते. शहरात उपचार घेऊन परतलेल्या रोग्याचा सुट्टीचा कागद मराठीत समजावून सांगणारे दोन-चार सुशिक्षित तरुण नेमावेत, आणि कार्यक्रमातील भोजनाच्या वेळी "आणखी घ्या" हा आग्रह बंद करावा.

माझे वजन आज ९४ किलो आहे. एक गोळी अजून चालू आहे. कधी घाईत खाल्ले तर आजही उलटी होते. सर्व संपले असे म्हणता येत नाही. मात्र शाखेत आता सर्वांना खरे माहीत आहे, आणि काउंटरवर कोणी पेढा पुढे केला तर मी हात जोडून कारण सांगतो. यापुढे कोणाला हा विषय विचारायचा असेल तर अंधार पडण्याची वाट पाहू नये. रविवारी सकाळी विहारात यावे.